नळी आणि चकल्यांचा डबा

पुणे-बंगलोर रस्त्यावरून एका अख्ख्या दिवसात एकही वाहन गेलं नाही, असं सरकारला लेखी कळवणारा माणूस महाराष्ट्रात एकच असेल. तो मी. खाली सही आहे, हुद्दा आहे, आणि वाहनांच्या रकान्यात माझ्या वळणदार अक्षरात एकच शब्द आहे: ‘निरंक’.

ज्यांनी सरकारी नोकरी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे शून्याला शून्य म्हणत नाहीत. शून्य लिहिलं की त्याच्याआधी कुणीतरी एखादा आकडा घालील अशी भीती, आणि रकाना कोरा सोडला तर माहिती दडवल्याचा संशय. म्हणून निरंक. हा शब्द मी नोकरीत इतक्या वेळा लिहिला की धाकटीच्या प्रगतिपुस्तकावर सही करताना ‘पालकांचा अभिप्राय’ या ओळीत तोच लिहून बसलो होतो. पण ते असो.

मी रस्त्यांच्या खात्यात ओव्हरसीअर. बिऱ्हाड सांगलीला विश्रामबागेत, नोकरी साताऱ्याला, आणि मी बहुतेक वेळा या दोहोंच्या मध्ये कुठंतरी रस्त्याकडेला उभा. माझं काम वाहनं मोजायचं. पूर्वी ते हातानं चाले. रस्त्याकडेला राहुटी ठोकायची, आत दोन माणसं बसवायची, आणि ट्रक, एसटी, मोटार, बैलगाडी, सायकल अशा रकान्यांत त्यांनी रेघा ओढायच्या. चार उभ्या आणि पाचवी आडवी. जेवणानंतर या रेघा फार सुबक यायच्या, कारण रस्त्याकडे न बघता ओढलेल्या असायच्या. मग बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमारास खात्यात यंत्र आलं. मोठ्या साहेबांनी आम्हाला बोलावून सांगितलं, “आता माणसाची चूक संपली.”

ते मला अजून ओळखत नव्हते.

यंत्र म्हणजे एक लांब काळी रबरी नळी आणि एक पेटी. नळी रस्त्यावर आडवी टाकायची, खिळे-पट्ट्यांनी ठोकायची. एक टोक बूच मारून बंद, दुसरं टोक पेटीत. चाक नळीवरून गेलं की आतली हवा दाबली जाते आणि पेटीतला आकडा ‘टक्’ करून एकानं पुढं सरकतो. पुढची चाकं एक टक्, मागची चाकं एक टक्. दोन टक् म्हणजे एक वाहन. संध्याकाळी कुलूप काढून आकडा वाचायचा, दोननं भागायचा, की झालं. गाढवालाही जमावं असं काम. मी पहिल्या दिवशी नळी ठोकली, पेटीला कुलूप घातलं, जीप रस्त्याच्या कडेला सावलीत घेतली आणि दिवसभर तिच्यात बसून राहिलो.

जीपचं पुढचं चाक नळीवर होतं. पेटीकडं जाणारी नळी त्या चाकाखाली चिरडलेली, हवा जाणार कुठून? समोरून ऊस भरलेले ट्रक, एसट्या, लग्नाची वऱ्हाडं जात होती, आणि पेटी माझ्यासारखीच शांत होती. संध्याकाळी आकडा वाचला, सकाळचाच होता. यंत्र चुकत नाही असं साहेबांनी सांगितलेलंच होतं. मी लिहिलं, निरंक.

आठवड्यानं साताऱ्याहून कागद आला: ‘सदर रस्त्यावरून त्या दिवशी एकही वाहन गेले नसल्यास आपण व खात्याची जीप तेथे कशी पोहोचलात, याचा खुलासा करावा.’ मी खुलासा केला की जीप त्या दिवशी रस्त्यावरून गेलेली नसून नळीवर उभी होती. हे उत्तर खरं होतं, म्हणूनच कुणाला आवडलं नाही.

इथवर हसण्यासारखं आहे. पुढचं मला त्यावेळी माहीत नव्हतं. कराड आणि उंब्रज यांच्यामधल्या ज्या फाट्यावर मी ती नळी टाकली होती, तिथल्या गावानं पिवळ्या लुकलुकत्या दिव्यासाठी अर्ज केलेला होता. गाव रस्त्याच्या एका अंगाला, शाळा दुसऱ्या अंगाला. दिवा मिळायचा तर त्या रस्त्यावर ठरावीक संख्येनं वाहनं आहेत हे सिद्ध व्हायला पाहिजे, आणि ते सिद्ध करायला सरकारनं पाठवला होता मला. माझा खुलासा साताऱ्यात फिरत राहिला, आणि निरंक त्याच्या आधीच दिव्याच्या फायलीला जाऊन चिकटला. गावाला उत्तर गेलं: ‘वाहतूक निरंक असल्याने दिव्याची आवश्यकता दिसून येत नाही.’

त्यानंतर दोन महिन्यांनी त्याच फाट्यावर शाळेतल्या बाईंना ट्रकचा धक्का लागला. पोरांना पलीकडे नेत होत्या. पोरं वाचली, बाईंचा उजवा हात गेला तो पुन्हा नीट झालाच नाही. पुढं त्या डाव्या हातानं फळ्यावर लिहायला शिकल्या.

फेरमोजणीचा हुकूम निघाला तेव्हा मी पुन्हा त्याच फाट्यावर उतरलो. चहाच्या टपरीसमोर एक उंच म्हातारा उभा होता. खाकी हाफपँट, गळ्यात शिट्टी, मिशा अजून नोकरीत. हे हवालदार. पोलिसातले नव्हेत, लष्करातले. पेन्शनीत येऊन इथं टपरी घातलेली. आदल्या वर्षी याच फाट्यावर त्यांचा धाकटा भाऊ बैलगाडीसकट गेला होता. तेव्हापासून शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी चहाचं आधण तसंच ठेवून ते शिट्टी घेऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहत. दिव्याचा अर्ज त्यांचाच.

मी नळीचं भेंडोळं खाली ठेवलं. त्यांनी ते बघितलं, मग मला बघितलं.

“निरंक म्हंजी तुमीच का?”

“हो.”

“बसा. चा घ्या.” त्यांनी कप माझ्यापुढं आदळला. “माजा भाऊ कशाखाली गेला मग? ढगाखाली?”

मी जीपची सगळी हकीकत सांगितली, चाकासकट. वाटलं, आता हा माणूस शिट्टीनंच मारणार. पण लष्करात चाळीस प्रकारची गाढवं बघितलेला माणूस तो. म्हणाला, “आवं सायेब, चूक मानसाकडनंच हुती. पर तुमी चूक करून वर तिला यंत्राची सही घेतली. ह्ये लय वाईट केलं.”

मग विचारलं, “आता किती गाड्या पायजेत?”

तो आकडा गावाला सांगायचा नाही असा नियम होता. मी सांगितला. अपराधी माणसाला नियम आठवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर पोचलो तर जत्रा. गावातल्या झाडून सगळ्या बैलगाड्या रांगेनं नळीवरून पलीकडे जात होत्या आणि वळून परत येत होत्या. हवालदार शिट्टी फुंकून त्यांची कवायत घेत होते. मी धावत गेलो.

“हवालदार, ही लबाडी आहे.”

“लबाडी कशी? गाडी खरी, बैल खरं, रस्ता खरा.”

“पण बैलगाडी यंत्राला अर्धीच कळते. तिला चाकांची एकच जोडी. ती गेली की एकच टक्. दोन टकांशिवाय वाहन होत नाही.”

हे मी जरा मोठ्यानं बोललो. रांगेतल्या पहिल्या गाडीवर सखाराम आप्पा नावाचे सत्तरीचे गृहस्थ बसले होते. त्यांनी कासरा ओढला.

“अर्धी? माजी गाडी अर्धी?”

“आप्पा, म्हणजे हिशेबापुरती.”

“ही खिलारं औंधाच्या बाजारातनं आणल्यात, बघायला चार गावची मानसं आल्ती. आन् त्यो टमटमवाला फाटक्या टायरचा, त्यो पुरा व्हय?”

“त्याला मागेपुढे चाकं आहेत ना.”

“मला बी मागंपुढं मानसं हायत,” आप्पा म्हणाले, आणि खाली उतरून नळीशेजारी बसले. गाडी पुरी धरल्याशिवाय पुढं नेणार नाही म्हणाले. मागं सगळी रांग तुंबली, त्यामागं दोन एसट्या तुंबल्या. शेवटी हवालदारांनी तोड काढली: दोन गाड्या जोडीनं न्यायच्या, म्हणजे दोघांत मिळून एक वाहन. आप्पांनी जोडीला कोण आहे ते वळून बघितलं. भाऊबंदच निघाला, त्याच्याशी बांधावरून बोलणं बंद. त्याच्याशी मिळून एक व्हायला ते तयार होईनात. त्यांच्यासाठी रांग बदलावी लागली.

दुपारी तालमीतले चार पैलवान आले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की भार पडला की टक् होतं. ते नळीवर ओळीनं उभे राहून बैठका मारू लागले. मी पेटीला कान लावला. प्रत्येक बैठकेला टक्. खात्याच्या हिशेबानं दोन बैठका म्हणजे एक मोटार.

संध्याकाळी जो आकडा निघाला तो मी तीनदा भागून बघितला. मुंबईच्या फोर्टात तेवढी वाहनं असतील की नाही कुणास ठाऊक. मी तो तसाच कळवला. दुरुस्त करायला गेलो असतो तर कुठून किती कमी करायचं हेच कळत नव्हतं. साहेबांचा शेरा आला: ‘मागील मोजणी निरंक व चालू मोजणी अविश्वसनीय. दोन्ही मोजण्या विसंगत असल्याने प्रकरण तूर्त प्रलंबित. यंत्र त्वरित परत करावे.’

म्हणजे पहिल्यांदा मी दिवा घालवला, दुसऱ्यांदा गावानं. हवालदारांना तो कागद मीच वाचून दाखवला.

आणि याच वेळी ते घडलं. शेरा येईपर्यंत नळी रस्त्यावरच होती, त्यामुळं खरं तर आठ दिवस डोळ्यांसमोर घडत होतं. मी पेटीत बघत होतो म्हणून दिसलं नव्हतं.

बेळगावकडचा एक ट्रक भरधाव येत होता. नळी दिसली तसा ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, मुंगीच्या पावलानं नळी ओलांडली आणि पुढं जाऊन थांबला. खाली उतरून टोपी काढून माझ्याकडं आला.

“काय हो सायबा, हे वजन लिवून घेतंय की काय?”

मी तोंड उघडणार तेवढ्यात हवालदार म्हणाले, “सगळं लिवून घेतंय.”

“नंबर?”

“नंबर, वजन, किती जोरात आलास त्ये. बरं झालं हळू झालास. मगाशी एकाचं गेलं साताऱ्याला.”

“आतमधी मानूस हाय काय?”

“मानूस असता तर त्याला चा पाजून भागवलं असतं,” हवालदार म्हणाले. “ह्ये यंत्र हाय. चा पीत न्हाई.”

ड्रायव्हरनं पेटीला लांबूनच नमस्कार केला आणि गेला. मी हवालदारांकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. मग आम्ही दोघं तासभर टपरीत बसून नुसता रस्ता बघत होतो. मोजत नव्हतो, बघत होतो. एकूण एक गाडी नळीपाशी हळू होत होती. कुणाला साप वाटे, कुणाला विजेची तार, कुणाला आरटीओ. शाळा सुटली. पोरं रस्ता ओलांडून गेली आणि हवालदारांना शिट्टी फुंकावी लागली नाही.

“सायेब,” हवालदार म्हणाले, “दिवा ऱ्हाऊ द्या. नळी ठेवा.”

“नळी सरकारी आहे. उद्या परत जाणार.”

“नळीचं मी बघतो. हिरीवरच्या मोटारीला पाणी उपसायचा जुना पाइप हाय आमचा. दिसाया तसाच. पर पेटी?”

पेटीसाठी हवालदार माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होते, तशा नजरेनं माझ्याकडं वरिष्ठांनीसुद्धा कधी बघितलं नव्हतं. एका निरंकाचं देणं होतं. मी म्हणालो, “सोमवारी आणतो.”

आता माझ्या घरातली गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे एक मोठा चौकोनी पत्र्याचा डबा होता. बायकोनं खिडक्यांना लावून उरलेला हिरवा रंग त्याला बाहेरून दिला होता, आणि पुढच्या अंगाला पांढऱ्या ऑइलपेंटनं, ठसठशीत अक्षरात स्वतः लिहिलं होतं: ‘हात लावू नये’. आत दिवाळीच्या चकल्या असत. हा इशारा घरातल्या कुणासाठी होता हे मी सांगत नाही. पण खात्यात इतकी वर्षं काढून इतकी सरकारी दिसणारी वस्तू मी पाहिली नव्हती. रविवारी ती देवळात गेली तेव्हा मी चकल्या पातेल्यात काढल्या. काढताना थोड्या कमी भरल्या. सोमवारी पहाटेच्या एसटीनं डबा पंच्यात गुंडाळून निघालो.

फाट्यावर आम्ही पाइप आडवा ठोकला, एक टोक डब्याच्या भोकात घातलं, डबा दगडी चौथऱ्यावर बसवून कुलूप लावलं. हवालदारांनी दोन पावलं मागं जाऊन वाचलं. “हात लावू नये. झकास. कुनी लिवलं?”

“आमच्या मुख्यालयातून,” मी म्हणालो.

घरी डब्याची चौकशी झाली. चकल्या पातेल्यात बघून बायकोनं धरून घेतलं की शेजारच्या काकूंनी चिवड्यासाठी डबा मागून नेला आणि परत केलाच नाही. मी वर्तमानपत्रात तोंड घातलं. पुढची पाच वर्षं ती काकूंशी नीट बोलली नाही, आणि मी पाच वर्षं काकूंना रस्त्यात दिसलो की सायकलवरून उतरून नमस्कार करत राहिलो. काकूंना माझ्या सौजन्याचं फार कौतुक वाटे.

वर्षभरानं मोठे साहेब दौऱ्यावर निघाले. त्यांची गाडी कराडकडून आली आणि नळीपाशी आपोआप हळू झाली. मग थांबली. मी मागच्या जीपमध्ये होतो.

साहेब उतरले. “हे यंत्र कुणाचं? आपलं तर परत आलं.”

साहेब डब्याजवळ गेले, वाकले, अक्षरं वाचली. कुलपाकडं हात गेला तसे हवालदार टपरीतून आले आणि खाड्कन सलाम ठोकला.

“सायेब, उघडू नका. आकडं उडून जात्यात.”

साहेबांनी हात मागं घेतला, पण नाक पुढं नेलं. वर्ष झालं तरी उन्हात तापलेल्या त्या पत्र्याला तिळाचा आणि ओव्याचा वास येत होता. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात शाळा सुटली. बाई पोरांना घेऊन रस्त्यावर आल्या, डावा हात वर केला, दोन ट्रक आधीच नळीपाशी मुंगीसारखे झालेले होते. पोरं पलीकडे गेली. साहेब शेवटचं पोर जाईपर्यंत उभे होते.

“इथून दर महिन्याला तक्ता पाठवता का?” त्यांनी विचारलं.

“नाही साहेब.”

“यंत्र आहे म्हणता, मग तक्ता नको? वाहनांच्या रकान्यात ‘यंत्र दुरुस्तीस’ लिहा. अपघातांच्या रकान्यात जे असेल ते लिहा. आणि हे पाहा, खोटं लिहायचं नाही.”

गाडीत बसता बसता ते हळूच म्हणाले, “भाजणी चांगली दिसते तुमच्याकडची.”

तेव्हापासून दर महिन्याला तो तक्ता जातो. अपघात: निरंक. लिहिण्याआधी मी प्रत्येक वेळी हवालदारांना जाऊन विचारतो, यंत्राला विचारत नाही. एकदा पावसाळ्यात एक सायकलस्वार नळीवर घसरून पडला, तेव्हा आम्ही दोघांनी बराच वेळ चर्चा केली आणि तो महिना निरंक लिहिला नाही. दिव्याची फाईल अजून प्रलंबित आहे. आजूबाजूच्या ड्रायव्हरांना डब्यात काही नाही हे केव्हाच कळलं. पण ते हवालदारांना भिऊन हळू होतात आणि त्यांना बघून परगावचे हळू होतात. ज्यांनी खऱ्या यंत्रासाठी परदेशातून माहितीपत्रकं मागवली, त्यांना हे कसं समजावून सांगायचं मला कळत नाही. बाईंच्या उजव्या हाताचा रकाना मात्र कुठल्याच तक्त्यात नाही. मी जातो तेव्हा फळ्यावरचं त्यांचं डावरं अक्षर खिडकीतून दिसतं. आता ते माझ्यापेक्षा वळणदार झालंय.

गेल्या वर्षी साताऱ्याला लग्न होतं. मी बायकोला एसटीनं घेऊन निघालो आणि खिडकीची जागा तिला दिली, डाव्या बाजूची. हा माझा नोकरीतला शेवटचा मोठा घोटाळा. कराड मागं पडलं. फाटा जवळ आला तसं मी तिला उजवीकडचे डोंगर दाखवू लागलो, पण ड्रायव्हरनं नळीपाशी गाडी अगदी हळू केली, इतकी की रस्त्याकडेचं काहीही सावकाश वाचता यावं.

तिनं वाचलं.

टपरीतून हवालदारांनी मला बघून सलाम केला. बायकोनं तो सलामही बघितला. साताऱ्यापर्यंतच्या तासात मी तिला सगळं सांगितलं: जीप, निरंक, बाईंचा हात, हवालदारांचा भाऊ, साहेबांचं नाक. काकूंचंही सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. स्टँडवर उतरल्यावर तिनं पदर खोचला, पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली,

“‘हात लावू नये’ हे मी तुमच्यासाठी लिहिलं होतं. अख्ख्या रस्त्यानं ऐकलं, तुम्ही तेवढं नाही ऐकलंत.”